टेलिकॉममध्ये अप्रेंटिस म्हणून काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय केलेली, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमचा डिप्लोमा झालेली, बीई होऊन वर्षभर जाहिराती चाळणारी मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी फायबर आणि ट्रान्समिशनच्या कामात आहे. माझ्या हाताखाली दरवर्षी नवे अप्रेंटिस येतात, त्यामुळे बरीचशी उत्तरं रोजच्या कामातून आलेली आहेत. नियमांची माहिती भारतातल्या कायद्याप्रमाणे आहे आणि उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

अप्रेंटिस म्हणजे नोकरी का?

नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ सालचा आहे आणि त्याच्या कलम १८ प्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्यामुळे पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं, पीएफ आणि ईएसआय कापला जात नाही आणि वर्ष संपलं की करार संपतो. पण याच वाक्याची दुसरी बाजू मुलांना कुणी सांगत नाही: तुम्ही प्रशिक्षणार्थी असाल, तर तुम्हाला शिकवणं हे कंपनीचं काम आहे. तुम्हाला हाताशी ठेवून घेतलं म्हणजे उपकार केले असं होत नाही. पुढची सगळी उत्तरं वाचताना एवढं डोक्यात असू द्या.

मी आयटीआय आहे, मित्र डिप्लोमा आहे, बहीण बीई आहे. तिघांचा मार्ग एकच का?

दोन मार्ग आहेत. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी नॅट्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना. ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची आहे आणि आपल्याकडचं कामकाज मुंबईत शीव इथल्या पश्चिम विभागाच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडून चालतं. याच मंडळाकडे गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही आहेत. नॅट्सचं प्रशिक्षण साधारण एक वर्षाचं असतं.

आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करायची. तिथे कौशल्य विकास मंत्रालयाची योजना लागू होते. टेलिकॉमसाठी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इन्फर्मेशन कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी सिस्टिम मेंटेनन्स आणि इलेक्ट्रिशियन हे ट्रेड उपयोगी पडतात. फायबर टू होम टेक्निशियन हा त्यातला नवा आणि छोटा कोर्स. इलेक्ट्रिशियन पाहून नाक मुरडू नका. टॉवर साइट बंद पडण्यामागे रेडिओपेक्षा वीजच जास्त वेळा असते, त्यामुळे चांगला इलेक्ट्रिशियन प्रत्येक टीमला हवा असतो.

जागा निघाल्याचं कळतं कुठे?

नोंदणी आधी करून ठेवा. जाहिरात निघाल्यावर पळापळ नको. आधार, गुणपत्रिका, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि चालू असलेला मोबाइल नंबर एवढं तयार हवं. बीएसएनएल आपल्या सर्कलमधल्या (म्हणजे विभागातल्या) जागा नॅट्स पोर्टलवरून भरतं. खासगी ऑपरेटर, टॉवर कंपन्या, उपकरणं बनवणारे आणि त्यांचे ठेकेदारही दोन्ही पोर्टलांवर असतात.

३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे आणि या मोजणीत कंत्राटी माणसंही धरतात. म्हणून जाहिरातीची वाट बघत बसण्यापेक्षा तुमच्या जिल्ह्यात फायबर टाकणारे, केबल दुरुस्त करणारे ठेकेदार कोण आहेत ते शोधा आणि ऑफिसात जाऊन विचारा. लहान आस्थापनाही स्वखुशीने अप्रेंटिस घेऊ शकते. माझ्या पाहण्यातले निम्मे चांगले अप्रेंटिस असेच, स्वतः चालत आलेले होते.

एक अट आधी तपासा. पदवी किंवा डिप्लोमानंतर एक वर्ष किंवा जास्त कामाचा अनुभव झाला असेल, किंवा आधी अप्रेंटिसशिप पूर्ण झाली असेल, तर नॅट्समध्ये परत बसता येत नाही.

विद्यावेतन किती?

२०१९ च्या नियमांनी ठरवलेली किमान रक्कम पदवीधरांना दरमहा ९,००० रुपये, डिप्लोमावाल्यांना ८,००० रुपये आणि आयटीआयवाल्यांना ७,००० रुपयांपासून पुढे अशी आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने ५,००० ते ९,००० ही सगळी पट्टी ६,८०० ते १२,३०० रुपयांवर न्यायची शिफारस केली. तुमच्यासाठी खरा आकडा करारात छापलेला असतो, तोच बघा. किमानपेक्षा जास्त द्यायला कंपनीला कुणी अडवलेलं नाही आणि बऱ्याच कंपन्या देतातही.

या रकमेतला काही वाटा सरकार उचलतं. नॅट्समध्ये पदवीधरामागे ४,५०० आणि डिप्लोमावाल्यामागे ४,००० रुपयांपर्यंत. आयटीआयच्या योजनेत २५ टक्के, पण महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतच. हा वाटा आता थेट तुमच्या खात्यात येतो. म्हणजे महिन्याचे पैसे दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या तारखांना जमा होऊ शकतात. कंपनीचा हिस्सा आला आणि सरकारी आला नाही, तर आधी आधार खात्याशी जोडलेलं आहे का ते बँकेत विचारा. बहुतेक वेळा गाडी तिथेच अडलेली असते.

पुण्या-मुंबईत खोली घेऊन एवढ्यात भागत नाही, हे स्पष्ट सांगतो. घराजवळच्या जिल्ह्यातली जागा मिळत असेल तर नाव मोठं नसलं तरी ती घ्या.

पहिल्या महिन्यात नक्की काय काम असतं?

सामान उचलणं, ड्रम फिरवणं, नोंदी लिहिणं, मास्तराला हवं ते हत्यार हातात देणं. यात कमीपणा नाही, कारण हत्यारांची नावं, केबलचे प्रकार आणि साइटवरचा क्रम असाच डोळ्याखालून जातो. रंगांचा क्रम याच महिन्यात पाठ करा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. बारा फायबर, बारा रंग, आणि ट्यूबही त्याच क्रमाने. झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे, कारण रात्री दोन वाजता खड्ड्यात पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि जांभळा सारखेच दिसतात. बॅटरी पांढऱ्या उजेडाचीच घ्या.

खोदकामावर पाठवलं तर तेही बघून घ्या. बीएसएनएलच्या मानकाप्रमाणे साध्या जमिनीत फायबरची नळी १.६५ मीटर खोल जाते. खडक लागला की ठेकेदार खोली कमी करायला बघतो आणि तीच जागा पुढे जेसीबीच्या दाताखाली येते. कुठे किती खोल गेली याची खरी नोंद करणारा अप्रेंटिस मला इंजिनिअरइतकाच मोलाचा वाटतो.

फायबर जोडायला किती दिवसांत येतं? त्यात अवघड काय आहे? मशीनच तर जोडतं.

मशीन जोडतं हे खरं. पण मशीनमध्ये ठेवण्याआधीची दोन मिनिटं तुमच्या हातात असतात आणि जोड तिथेच चांगला किंवा वाईट होतो.

सिंगल मोड फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची असते आणि उजेड जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. वरचं आवरण धरून २५० मायक्रॉन. आता क्रम बघा. सगळ्यात आधी संरक्षक स्लीव्ह एका बाजूच्या फायबरमध्ये ओवायची. ती राहिली, की सुंदर जमलेला जोड तोडून पुन्हा सुरुवात करावी लागते. मग स्ट्रिपरने आवरण काढायचं, एका दमात, न थांबता. मग न धागे सुटणाऱ्या टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काच पुसायची. पुसताना बारीकसा चूं असा आवाज आला की काच स्वच्छ झाली. त्यानंतर ती कशालाही टेकवायची नाही: बोटाला नाही, टेबलाला नाही, शर्टाला तर नाहीच. मग क्लीव्हर, म्हणजे काच कापायचं हत्यार. कापलेलं टोक काटकोनात हवं, एका अंशाच्या आत. मशीनच्या पडद्यावर टोक तिरकं किंवा ओठ फुटल्यासारखं दिसलं, तर "चालतंय की" म्हणून पुढे जाऊ नका, परत कापा.

मशीन ठिणगी सोडतं, दोन्ही टोकं वितळून एक होतात आणि पडद्यावर अंदाजे लॉस, म्हणजे जोडात किती उजेड वाया जातो ते, डीबी या मापात दिसतो. ०.०२ ते ०.०५ डीबी म्हणजे उत्तम. ०.१ च्या वर गेला तर मी परत करायला लावतो. शेवटी स्लीव्ह जोडावर सरकवून भट्टीत तापवायची आणि ट्रेमध्ये गुंडाळी करताना वळण ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान करायचं नाही.

दिवसाची सुरुवात आर्क टेस्टने, म्हणजे मशीनची ठिणगी तपासून करा. पावसाळ्यात चिपळूणला हवेत जेवढा दमटपणा असतो तेवढा महिन्याभराने सोलापुरात नसतो, आणि महाबळेश्वरला चढून गेलं की हवेचा दाब बदलतो. ठिणगीचा जोर त्याप्रमाणे जुळवावा लागतो. मशीन बरंचसं स्वतः करतं, पण ते करायला तुम्ही सांगावं लागतं.

कापलेले काचेचे तुकडे डबीत टाका. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडीत शिरले की काढता येत नाहीत. त्या जागी डबा उघडून जेवायला बसणाऱ्यांना मी उठवतो.

किती दिवस लागतात, तर हात बसायला एक-दोन महिने. पहिल्या दिवसांत भंगार केबलचे तुकडे मागून घ्या आणि दुपारच्या सुट्टीत सराव करा.

फायबरच्या टोकात बघितलं तर काय होतं?

बघूच नका. त्यातला उजेड इन्फ्रारेड असतो, डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. चालू आहे की बंद हे पॉवर मीटरने बघायचं. लाल लेझर पेन वेगळा. तो दिसतो आणि जवळचा तुटलेला किंवा मुडपलेला भाग शोधायला उपयोगी पडतो, पण तोही डोळ्यात धरायचा नाही.

फॉल्ट शोधायला कसं शिकायचं? ओटीडीआर बघून सीनियर लगेच जागा सांगतात.

या कामातली सगळ्यात आनंदाची गोष्ट हीच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ओटीडीआर फायबरमध्ये उजेडाचा ठोका सोडतो आणि परत येणारा उजेड मोजतो. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे वेळेवरून अंतर निघतं. पडद्यावर एक उतरती रेघ दिसते. जोड असेल तिथे छोटी पायरी, कनेक्टर असेल तिथे उंचवटा, आणि तुटलं असेल तिथे रेघ खाली कोसळते. चालू फायबरवर तो लावायचा नाही, आधी सेवा कुठल्या फायबरवर आहे ते खात्रीने विचारायचं.

समजा ओटीडीआरने ७,४२० मीटर दाखवलं. नवा मुलगा मोटारसायकलचा काटा लावून ७.४ किलोमीटरवर जाऊन उभा राहतो आणि तिथे सगळं ठीक असतं. कारण ७,४२० ही काचेची लांबी आहे, रस्त्याची नाही. प्रत्येक जोडाच्या खड्ड्यात आणि पुलाच्या दोन्ही टोकांना केबलची जादा गुंडाळी सोडलेली असते, शिवाय केबलच्या आत फायबर किंचित नागमोडी जातं. म्हणून सुरुवातीपासून मोजायचं नाही. ट्रेसवर तुटलेल्या जागेच्या अलीकडचा ओळखीचा जोड शोधायचा. समजा तो ६,९८० वर आहे आणि रूट डायग्रामप्रमाणे तो ओढ्याच्या पुलाजवळचा खड्डा आहे. मग त्या खड्ड्यापासून पुढे फक्त ४४० मीटर काच उरते. गुंडाळी वजा करा आणि तेवढं अंतर चालत जा, गाडीवरून नको. ताजी उकरलेली माती, नवा विजेचा खांब, पाण्याच्या पाइपलाइनचं काम, बांधावर उभा जेसीबी: कारण बहुतेक वेळा डोळ्यांसमोर असतं. रस्त्याकडेच्या टपरीवाल्याला विचारा, "काका, आज इथं कुणी खोदलं का?" मशीनने दिलेला आकडा आणि टपरीवाल्याने दाखवलेलं बोट जिथे जुळतं, तिथे खोदायचं.

फायबर तुटलेलं नाही, पण लॉस वाढला आहे, तेव्हा एक युक्ती कायम लक्षात ठेवा. तीच रेघ १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर काढा. १५५० वर लॉस बराच जास्त आणि १३१० वर कमी दिसला, तर फायबर कुठेतरी मुडपलं आहे. दोन्हीकडे साधारण सारखा असेल तर जोड खराब आहे. खड्डा उघडण्याआधीच अर्धं उत्तर हातात येतं.

खोदणाऱ्याने आधी कळवावं म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. तुमच्या भागात पंचायतीचं किंवा पाणीपुरवठ्याचं काम निघणार असेल तर तिथल्या लोकांना ते दाखवा. एक केबल वाचली तर टीमची एक रात्र वाचते.

घरोघरच्या ब्रॉडबँडचं काम शिकण्यासारखं असतं का? की नुसत्या तक्रारी ऐकायच्या?

तक्रारी ऐकाव्या लागतात, पण हिशेब शिकायला याहून चांगली जागा नाही. एक्स्चेंजमधल्या ओएलटीमधून (घरोघरच्या फायबरला उजेड देणारं यंत्र) समजा +३ डीबीएम उजेड निघाला; डीबीएम हे उजेडाच्या जोराचं माप. वाटेत १:८ चे, म्हणजे एका फायबरचा उजेड आठांत वाटणारे दोन स्प्लिटर आहेत, प्रत्येकी साधारण १०.५, म्हणजे २१ डीबी गेले. सहा किलोमीटर फायबरचे दीड. चार कनेक्टरचे १.२. सहा जोडांचे ०.३. बेरीज २४. म्हणजे ग्राहकाच्या घरी −२१ डीबीएमच्या आसपास पोचायला हवं. तुमच्या मीटरवर −२६ आलं, तर ग्राहकाचं नेट आत्ता चालू असेल, पण ओएनटीची (ग्राहकाच्या घरातला फायबरचा डबा) मर्यादा −२७ च्या जवळपास असल्यामुळे कपाटामागे वायर जरा दाबली की बंद पडेल. हा ५ डीबीचा फरक कुठे गेला ते न शोधता राउटर रीस्टार्ट करून निघून येणारा माणूस आठवड्याने तिथेच परत जातो.

हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकांत लावू नका. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. बसतात, चालू झाल्यासारखं वाटतंही, पण लॉस वाढतो आणि टोकं खराब होतात.

टॉवरवर चढावंच लागतं का?

नाही. उंचीवरच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणीही चढू नये, अप्रेंटिसने तर मुळीच नाही. कायद्यातही धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडसाठी किमान वय १८ आहे. "बघ जरा वर जाऊन, दोन मिनिटांचं काम आहे" असं कुणी म्हणालं, तर "सर, माझं ट्रेनिंग झालेलं नाही" एवढं सरळ सांगा. जो वरिष्ठ यावर रागावतो, त्याच्याबद्दल लेखी कळवा.

प्रशिक्षण झाल्यावरही फुल बॉडी हार्नेस, दोन हुकांची दोरी आणि हेल्मेट हवं. एक हुक सुटण्याआधी दुसरा अडकलेला असला पाहिजे, चढताना आणि उतरतानाही. खाली एक माणूस कायम उभा हवा आणि वर कुणी लटकलं तर त्याला कसं उतरवायचं हे आधी ठरलेलं हवं, कारण हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाच्या जिवाला काही मिनिटांतच धोका होतो. विजा चमकत असताना, जोराच्या वाऱ्यात किंवा ओल्या शिडीवर चढायचं नाही, साइट बंद असली तरी. आणि चढण्याआधी मान वर करून मधमाश्यांचं पोळं आहे का बघा. आपल्याकडे टॉवरवर पोळी लागतात आणि वर असताना पळायला जागा नसते.

रेडिएशनची भीती घरचे घालतात. खरं काय?

१ सप्टेंबर २०१२ पासून भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. टॉवरच्या पायथ्याशी किंवा खोलीत काम करणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. काळजी घ्यायची ती चालू अँटेनाच्या अगदी समोर. तिथे काम असेल तर तो सेक्टर, म्हणजे त्या दिशेचा अँटेना, बंद करून घ्यायचा आणि बंद झाल्याचं नॉककडून (नेटवर्कवर नजर ठेवणारं नियंत्रण केंद्र) ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही.

साइटवर −४८ व्होल्ट डीसी असतो. तो तर कमी आहे, धोका कसला?

झटक्याचा धोका कमी, पण भाजण्याचा मोठा. २ व्होल्टचे २४ सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि चार्जिंगला बँक साधारण ५४ व्होल्टवर असते. त्यावर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होऊन वितळतो. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. इन्सुलेटेड पानेच वापरा. वजाचं चिन्ह का, असं मुलं विचारतात: धन टोक अर्थ केलेलं असतं, त्यामुळे जमिनीतल्या तांब्याच्या तारा गंजायचं प्रमाण कमी होतं. टेलिफोनच्या जुन्या काळापासून हे चालत आलं आहे. त्याच खोलीत एसी पुरवठा आणि डिझेल जनरेटरही असतो. तो झटका जीवघेणाच आहे.

रात्रीची ड्यूटी आणि ओव्हरटाइम सांगितला तर?

शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही, आणि तो प्रशिक्षणाच्या किंवा जनतेच्या हिताचा असेल तरच मंजुरी मिळते. केबल रात्रीच तुटते हे खरं आहे. एखाद्या रात्री टीमबरोबर जाऊन फॉल्ट बघायला मिळणं हे शिक्षणच आहे. पण माणूस कमी आहे म्हणून तुम्हाला रोज रात्री एकट्याने पाठवणं हे शिक्षण होत नाही.

मुलींना हे क्षेत्र जमेल का?

माझ्याकडच्या सगळ्यात नीटस जोड करणाऱ्यांमध्ये मुली होत्या. स्प्लायसिंग (फायबर जोडणं), टेस्टिंग, नॉक, प्लॅनिंग, ट्रान्समिशन, सगळीकडे मुली आहेत. अडचण कामाची नसते, सोयीची असते: साइटवर स्वच्छतागृह नसतं, परतायला उशीर होतो. म्हणून रुजू होण्याआधीच विचारा की साइटवर जायला गाडी कोण देणार, बरोबर कोण असणार, परत यायची वेळ काय. हे विचारणं म्हणजे नखरे नव्हेत. कुठल्याही मुलाच्या आईनेही हेच विचारावं.

इजा झाली तर कोण बघणार?

प्रशिक्षणाच्या दरम्यान कामामुळे इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची आहे, कायद्याचं कलम १६. ईएसआय नाही म्हणून वाऱ्यावर सोडता येत नाही. छोटीशी जखम झाली तरी त्याच दिवशी लेखी नोंद करून घ्या.

नुसतं झेरॉक्स काढणं आणि चहा आणणं चालू आहे. काय करू?

महिनाभर थांबा, मग बोला. पण मोघम तक्रार करू नका. करारासोबत प्रशिक्षणाचा आराखडा असतो, तो काढा आणि त्यातला राहिलेला भाग बोट ठेवून दाखवा: "सर, यात ओटीडीआर टेस्टिंग आहे, मला कधी पाठवाल?" बहुतेक वरिष्ठ वाईट नसतात, गडबडीत असतात. एखाद्या जोडारी दादाला गाठा. पंचवीस वर्षं खड्ड्यात बसून जोड करणारी माणसं विचारणाऱ्याला मनापासून शिकवतात, फक्त विचारणारा लागतो. तरीही काही हललं नाही, तर नॅट्सवाल्यांनी शीवच्या मंडळाकडे आणि आयटीआयवाल्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्राकडे लेखी जावं.

जागेसाठी पैसे मागितले. मूळ गुणपत्रिकाही ठेवून घेणार म्हणतात.

दोन्ही देऊ नका. अप्रेंटिसशिपसाठी उमेदवाराने कुणाला पैसे द्यायचे नसतात, ना डिपॉझिट, ना ट्रेनिंग फी. मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे. तुमचा करार पोर्टलवर नोंदवलेला दिसतो का, हीच खरी परीक्षा. "ट्रेनी म्हणून ठेवतो, करार नंतर बघू" असं म्हणणाऱ्याकडे काढलेलं वर्ष कायद्याच्या हिशेबात धरलं जात नाही.

इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

जमिनीवरचं काम मराठी-हिंदीत चालतं. पण अलार्मची नावं, मशीनचे मेनू आणि रिपोर्ट इंग्रजीत असतात. रोज पाच शब्द वहीत उतरवा आणि फॉल्टचा रिपोर्ट स्वतः लिहून दाखवायची परवानगी मागा. कधी तुटलं, कुठे, कारण काय, कधी जोडलं, आधी आणि नंतर रीडिंग किती: रिपोर्टात वाक्यं चार-पाचच असतात. तीन महिन्यांत सवय होते.

टेलिकॉम म्हणजे फक्त टॉवर आणि फायबरच का?

समुद्राखालच्या कितीतरी केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात आणि देशाचं परदेशाशी होणारं बरंचसं बोलणं तिथून जातं. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीत १९७१ साली देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. डेटा सेंटर, रेल्वेचं सिग्नल आणि दूरसंचार, वीज कंपन्यांचं स्वतःचं नेटवर्क, भारतनेटमधून ग्रामपंचायतींपर्यंत गेलेलं फायबर, हे सगळं याच कामात येतं. फायबर नीट शिकलेला माणूस यातल्या कुठल्याही दारातून आत जाऊ शकतो, म्हणून मी सुरुवात फायबरने करायला सांगतो.

मधेच सोडलं तर?

सरकारी नोकरी लागली, घरी अडचण आली, असं होतं. कळवून, लेखी अर्ज देऊन, पोर्टलवर करार रीतसर बंद करून जा. न सांगता गायब झालात तर करारातल्या अटीप्रमाणे प्रशिक्षणाचा खर्च मागितला जाऊ शकतो आणि पोर्टलवर करार उघडा राहिला की दुसरीकडे नोंदणी अडते.

वर्ष संपल्यावर तिथेच नोकरी मिळते का?

द्यायचं बंधन नाही. अप्रेंटिसांच्या भरतीबाबत प्रत्येक कंपनीने आपलं धोरण ठरवावं एवढंच कलम २२ म्हणतं. ते धोरण काय आहे हे रुजू होतानाच विचारा. प्रत्यक्षात ठेकेदार आणि टॉवर कंपन्या हात तयार झालेल्या मुलांना सोडायला नाखूश असतात, तर सरकारी कंपनीत कायम व्हायला वेगळी भरती परीक्षाच द्यावी लागते. त्यामुळे तुमचा अप्रेंटिसशिपचा काळ सरकारी कंपनीत चालला असेल, तर परीक्षेचा अभ्यास आणि खासगीतली चौकशी दोन्ही दहाव्या महिन्यापासून सुरू ठेवा.

शेवटच्या महिन्यात काय काय हातात घ्यायचं?

नॅट्सवाल्यांनी मंडळाचं प्रवीणतेचं प्रमाणपत्र, आयटीआयवाल्यांनी अखिल भारतीय ट्रेड टेस्टला बसून राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. परीक्षेचा फॉर्म कंपनीने भरला का ते स्वतः पोर्टलवर बघा, कुणाच्या तोंडी शब्दावर राहू नका. विद्यावेतनाचा सगळा हिशेब पासबुकाशी ताडून घ्या. कुठल्या मशीनवर काम केलं त्यांची नावं आणि मॉडेल लिहून त्यावर वरिष्ठांची सही घ्या. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो. आणि स्वतः केलेल्या फॉल्टची वही बरोबर ठेवा: तारीख, रूट, ओटीडीआरचा आकडा, प्रत्यक्ष जागा, दोन्हींतला फरक आणि कारण. मुलाखतीला आलेल्या मुलाने अशी वही समोर ठेवली, की मी त्याची मार्कशीट नंतर बघतो.